ढाबळ गच्चीवर का आहे

माझ्या गिरकी कबुतरीला एक वाटी ज्वारी संपवायला सकाळी अर्धा तास लागतो. तिची मान अशी पिळवटलेली आहे की चोच खाली न्यायला गेली की डोकंच उलटं होतं, मग ती दाण्यावर नेम धरते आणि शेजारी टोचते, परत धरते परत चुकते, असं करत करत कुठं एक दाणा आत जातो. पसरट ताटलीतले दाणे नुसते उडतात, म्हणून तिला खोल वाडगं देते, चार बोटं ज्वारी भरून, म्हणजे कुठंही टोचलं तरी चोचीला काहीतरी लागतंच. ही युक्ती मिरजेच्या चाचांची, त्यांचं सगळं आयुष्य ढाबळीत, म्हणजे कबुतरांच्या घरात गेलंय. तिला पॅरामिक्सो व्हायरस, म्हणजे कबुतरांची मान पिळवटून टाकणारा आजार झाला होता. नीट सांभाळलं, हातानं भरवलं तर यातून बरीच कबुतरं वाचतात, पण काहींची मान तशीच राहते. लागण बाकीच्यांना होते म्हणून सहा आठवडे तिला खालच्या बाथरूममध्ये एकटी ठेवली होती, रोज भिजवलेले वाटाणे एकेक करून जिभेच्या मागं ठेवायचे आणि ती गिळेपर्यंत थांबायचं.

सध्या गच्चीवर अकरा जण आहेत आणि एकही उडत नाही. लोक भेटले की विचारतात, वहिनी बरी झाली की सोडून देता ना? जी उडू शकतात ती सोडतेच की, आतापर्यंत बरीच सोडली. पण ही अकरा सोडायची म्हणजे मांजराच्या तोंडात द्यायची. सरदारचा पंख नायलॉन मांजानं सांध्यातच कापला होता. त्या मांजावर हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी दरवर्षी पतंगाच्या सीझनला झाडावर, वायरींवर लटकलेले पक्षी दिसतातच. कबुतराचं हाड तीनेक आठवड्यात जुळतं, पण सांधा आखडला की तो पंख परत पूर्ण उघडत नाही. दोरी नावाच्या कबुतराची बोटं गेली ती केसांमुळं, आपण विंचरून टाकतो ते केस आणि शिलाईचे धागे पायात गुंततात, आवळत जातात, रक्त पोचत नाही आणि बोट वाळून गळून पडतं. कृपा करून केस गुंडाळून कचऱ्यात टाका, खिडकीतून नको. आणि चंपा पांढरीशुभ्र आहे, कुठल्यातरी उद्घाटनाला शांतीचं प्रतीक म्हणून उडवलेली, दोन दिवसांनी कृष्णेच्या घाटावर कुत्र्यानं धरलेली सापडली. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याला दाणा कुठं शोधायचा, शिक्रा आला तर कुठं शिरायचं हे कोणी शिकवलेलंच नसतं. असल्या कार्यक्रमात टाळ्या वाजवू नका एवढं हात जोडून सांगते.

सुरुवातीला माझ्याकडून एक पारवा गेला. ऊन लागून पडलेला होता आणि मी घाईघाईत त्याच्या चोचीत चमच्यानं पाणी ओतलं, ते श्वासनलिकेत गेलं आणि तो माझ्या हातातच गेला. कबुतर इतर पक्ष्यांसारखं मान वर करून पाणी गिळत नाही, चोच बुडवून ओढून घेतं, त्यामुळं खोलगट भांडं समोर धरायचं आणि त्याचं त्याला पिऊ द्यायचं. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. अजून आठवलं की पोटात कालवतं.

सरदार आणि चंपाची जोडी जमलीय. दिवसा अंड्यांवर तो बसतो, संध्याकाळ झाली की ती येते आणि सकाळपर्यंत बसते, ड्युटी बदलताना दोघं घुमतात ते ऐकायला मी मुद्दाम वर जाते. पिल्लं मात्र होऊ देत नाही. अंडी घातली की लगेच उचलायची आणि जागेवर सुताराकडून करून घेतलेली लाकडी अंडी ठेवायची, ती तशीच राहू द्यायची, कारण नुसती काढून घेतली तर मादी थोड्याच दिवसात परत घालते आणि तिच्या अंगातलं कॅल्शियम संपतं. अठराएक दिवस बसतात, काही फुटत नाही म्हटल्यावर आपापली उठतात. निराधारांसाठी जागा ठेवायची तर घरात नवी भर घालून चालत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

मुंबईत २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला तेव्हा मला किती जणांनी मेसेज केले, आता तुमचं काय म्हणून. विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं फुप्फुसाचा आजार होतो हे खरं आहे आणि माझ्या सासूबाईंना दमा आहे, त्यामुळं मी ते हसण्यावारी नेत नाही. फरशी आधी पाणी मारून ओली करायची मगच खरवडायची, मास्क लावायचा, ढाबळीतला गाऊन खाली आणायचा नाही, सासूबाईंनी गच्चीवर यायचं नाही. चौकात पोतंभर धान्य ओतून हजार पारवे जमवायचे याला माझाही विरोधच आहे. पण अकरा लुळ्यापांगळ्यांना आसरा देणं ही वेगळी गोष्ट आहे हो.

आता गच्चीचं. न उडणाऱ्या पक्ष्याला खरं तर जमीनच बरी, पण आम्ही सांगलीत नदीकाठच्या गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तेव्हा माझ्याकडं तीनच होती, अंगणातल्या खुराड्यात. पाणी एवढं भराभर चढलं की टोमॅटोच्या क्रेटमध्ये तिघांना घालून वर ओढणी बांधली आणि बोटीत चढले. बोटीवरचा पोरगा म्हणाला, वहिनी कोंबड्या का? म्हटलं कबुतरं, उडता येत नाही त्यांना. काही न बोलता त्यानं क्रेट मांडीवर घेतला. त्यातलं एक चौथ्या दिवशी गेलं, पिसं भिजली ती वाळलीच नाहीत. पुरावरून आठवलं, ओडिशा पोलिसांची १९४६ पासून कबुतर सेवा होती आणि १९८२ च्या पुरात बांकी गावाचा संपर्क तुटला तेव्हा निरोप कबुतरांनीच पोचवले होते. आणि माझी क्रेटमध्ये बसून जीव वाचवत होती.

पाणी उतरल्यावर पहिलं काम ते केलं, ढाबळ वर नेली. अर्ध्या इंची वेल्डमेश, म्हणजे जाड तारेची जाळी, कारण साधी कोंबडीजाळी उंदीर कुरतडतो. गोल काठीऐवजी विटा, बोटं नसलेल्याला काठी धरता येत नाही. विटांवर चढायला फळीवर काथ्या ठोकलेले रॅम्प. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा सगळी वर कोरडी होती. पण एप्रिल-मेमध्ये स्लॅब असा तापतो की शेडनेट लावून ओली गोणपाटं टाकली तरी दुपारी ती चोच उघडी टाकून धापा टाकतात.

कबुतर सांभाळलं तर पंधरा वर्षं सहज जगतं. म्हणजे चंपा हयात असतानाच मी साठीची होईन, तेव्हा मला रोज दोन जिने चढवणार आहेत का? म्हणून तासगाव रोडला भावाच्या जागेत कोपऱ्यातली दोन गुंठे मागून घेतलीत. पाणी तिथपर्यंत कधी आलेलं नाही, लिंबाची सावली आहे, आणि माझ्यानंतर भाची बघणार म्हणालीय, तिला आत्तापासून भरवायला शिकवतेय. परवा मिस्त्री येऊन गेले, जोतं दोन फूट पुरे म्हणाले. मी चार सांगितलंय, आणि पायऱ्या नकोत, रॅम्प करा म्हटलं.