चिनी शिकता शिकता: बीजिंगहून शिजियाझुआंगला

बीजिंगला चिनी शिकायला आलेला भारतीय विद्यार्थी सुट्टी मिळाली की शिआन नाहीतर शांघाय गाठतो. ती शहरं बघावीतच. पण महाराष्ट्रातून आलेल्यांनी पहिल्याच सत्रातला एखादा शनिवार शिजियाझुआंगसाठी, म्हणजे शेजारच्या हबै प्रांताच्या राजधानीसाठी राखून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. चीन-जपान युद्धात जखमींवर उपचार करायला चीनला गेलेले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथे चिरविश्रांती घेत आहेत. शिवाय मोडक्यातोडक्या चिनीवर एकट्याने करायचा पहिला प्रवास म्हणून हा अगदी योग्य आहे.

आधी कागदपत्रं. सहा महिन्यांपेक्षा जास्त शिकायचं असेल तर एक्स-१ व्हिसा मिळतो आणि चीनमध्ये उतरल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. त्या काळात पासपोर्ट काही दिवस कार्यालयात अडकतो. रेल्वेचं तिकीट पासपोर्टवरच निघतं, तेव्हा परवाना हातात येईपर्यंत लांबचे बेत नकोत. वसतिगृहाबाहेर खोली घेतलीत तर २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करा. हॉटेलं ही नोंद स्वतःच करतात, मित्राच्या घरी राहिलात तर ती तुमची जबाबदारी.

फोनचं गणित भारतातूनच सोडवून निघा. व्हॉट्सअ‍ॅप आणि गूगल तिथल्या इंटरनेटवर उघडत नाहीत. भारतीय सिमच्या रोमिंगवर मात्र चालतात. ते सिम बँकेच्या ओटीपीसाठीही लागतं, म्हणून रोमिंग बंद करू नका. तिकडे सगळा व्यवहार वीचॅट (गप्पा आणि पैसे दोन्हींसाठीचं अ‍ॅप) आणि अलीपे (पैसे देण्याचं अ‍ॅप) यांवर चालतो, अगदी भाजीवाल्यापर्यंत. वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी असल्याने ते तिथे पोहोचल्यावर जुन्या विद्यार्थ्यांच्या मदतीने सुरू करून घ्यावं. नवं खातं उघडताना बऱ्याचदा जुन्या वापरकर्त्याची पडताळणीही लागते. दोन्ही अ‍ॅपना व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं बँक कार्ड जोडता येतं. एका वेळी २०० युआनच्या वर खर्च केला की ३ टक्के शुल्क कापलं जातं. रुपे कार्डाच्या भरवशावर जाऊ नका.

माझा मुक्काम वूदाओखौ भागात होता. परदेशी विद्यार्थ्यांचा हा जुना अड्डा; १९६२ मध्ये स्थापन झालेलं बीजिंग भाषा आणि संस्कृती विद्यापीठ इथेच आहे. वर्ग सकाळी आठला सुरू होतात आणि दुपारपर्यंत डोकं पार शिणतं. उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाचं नशीब चांगलं आहे. रोमन लिपीत चिनी लिहिताना जिथे बी, डी, जी असतात तिथे खरा आवाज आपल्या प, त, क यांच्या जवळचा. आणि पी, टी, के म्हणजे श्वास सोडून म्हटलेले फ, थ, ख. युरोपातल्या वर्गमित्रांना जे आठवडेच्या आठवडे घोकावं लागतं ते आपल्या जिभेवर आधीच असतं. स्वरांचे चढउतार मात्र सगळ्यांनाच सारखे छळतात.

शाकाहाऱ्यांनी 'वो छ्र सू', म्हणजे 'मी शाकाहारी आहे', हे वाक्य पहिल्याच दिवशी पाठ करावं. टोमॅटो-अंडं (अंडं चालत असेल तर), बटाट्याचा आंबट-तिखट कीस, वांगं-बटाटा-मिरचीची परतलेली भाजी हे कॅन्टीनमध्ये हमखास मिळतं. टोफू दिसला म्हणून लगेच घेऊ नका, त्यात बऱ्याचदा खिमा असतो. गरम पाणी सगळीकडे फुकट, रेल्वेतसुद्धा. थर्मास जवळ हवाच.

आता प्रवास. वूदाओखौहून १३ नंबरच्या मेट्रोने शीझिमेन, तिथून ४ नंबरने राष्ट्रीय ग्रंथालय आणि मग ९ नंबरने बीजिंग पश्चिम स्थानक. स्थानक अवाढव्य आहे आणि आत शिरताना सामान तपासतात. तासभर आधी पोहोचा. पासपोर्ट स्वयंचलित गेटला ओळखू आला नाही तर कर्मचारी असलेल्या रांगेत जा. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी गेट बंद होतं आणि मग विनवण्यांचा उपयोग होत नाही. जलदगती गाडी साधारण दीड तासात शिजियाझुआंगला पोहोचवते. तिथे मेट्रोच्या ३ नंबरने शिनबाई चौक, मग १ नंबरने एकच स्थानक पुढे: लिएश लिंगयुआन, म्हणजे हुतात्मा स्मशानभूमी.

रस्ता विचारताना कोटणीस म्हणून उपयोग नाही, 'ख तीह्वा' म्हणा. हे त्यांचं चिनी नाव. मी विचारलं ते आजोबा 'यिन्दू?' (भारत?) म्हणत थेट फाटकापर्यंत सोबत आले. माझ्या ओबडधोबड चिनीत मी कोटणिसांच्याच गावाकडचा असल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. वर्गातल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा ते मला मोठं वाटलं.

१९३८ मध्ये मुंबईहून निघालेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले कोटणीस १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, हबै प्रांतात वारले. ज्यांचं नाव त्या रुग्णालयाला आहे त्या कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथून यांची समाधीही याच आवारात आहे. इथल्या छोट्या संग्रहालयात कोटणिसांनी चीनला येताना प्रवासात लिहिलेली शब्दांची वही आहे. तिच्यासमोर वेळ काढा. चित्रलिपीला कंटाळून परत जावंसं वाटणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती बघायला हवी, असं मला वाटतं. तो माणूस ही भाषा शिकला ती युद्धाच्या धामधुमीत, जखमींवर शस्त्रक्रिया करता करता.

४-५ एप्रिलच्या सुमारास छिंगमिंगचा, पूर्वजांच्या स्मरणाचा सण येतो. तेव्हा लोक इथे फुलं वाहायला येतात आणि गर्दी असते, पण ती बघण्यासारखी. १ ते ७ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीत मात्र रेल्वेच्या वाटेला जाऊ नका. मेट्रोने आणखी एक स्थानक पुढे गेलात की बेथून रुग्णालय लागतं. बाहेरून बघून परत फिरता येतं. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा, रविवारी परतणार असाल तर संध्याकाळी जागा मिळणं कठीण जातं.