दहा पिंड आणि मधला देह

पुणे, भाद्रपद वद्य पंचमी

पितृपक्ष लागला की घरोघर प्रश्न निघतो: गीता म्हणते आत्मा अमर, मग पिंड कुणाला? प्रश्न रास्त आहे. गफलत होते ती माणूस म्हणजे शरीर आणि आत्मा, असा दोहोंचाच हिशोब धरल्यामुळे. शास्त्रात मधे तिसरा आहे, लिंगदेह, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म देह.

वेदान्ती त्याचे 17 घटक मोजतात: पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन, बुद्धी. सांख्य दर्शनवाले प्राणांऐवजी पाच तन्मात्रा (शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध यांची सूक्ष्म रूपं) घेतात, अहंकार म्हणजे मीपण वेगळं धरतात आणि 18 म्हणतात. चितेवर जळतो तो स्थूल देह. आत्मा सर्वव्यापी, तो जाणार कुठे? संस्कार आणि कर्म घेऊन निघतो तो हा मधला. वारा गंध उचलून नेतो तसा जीव मन आणि इंद्रियं घेऊन जातो, असं गीतेच्या पंधराव्या अध्यायात आहे.

न्यायदर्शन मानणाऱ्यांना हे मान्य नाही. इच्छा, द्वेष, सुख, दुःख हे ते आत्म्याचेच गुण मानतात. गीतेचा तेरावा अध्याय मात्र हे चौघं क्षेत्रात, म्हणजे देहाच्या बाजूला टाकतो. मला तेच पटतं. गाढ झोपेत ही चारही नसतात, तरी उठल्यावर ‘छान झोपलो’ म्हणणारा असतोच.

ओंकारेश्वराच्या घाटावर दहाव्याला चालतं ते या मधल्यासाठी. गरुडपुराणात क्रम आहे: पहिल्या पिंडाने डोकं, दुसऱ्याने मान आणि खांदे, तिसऱ्याने हृदय, चौथ्याने पाठ, पाचव्याने बेंबी, मग कंबर, मांड्या, गुडघे, पावलं. असा हातभर देह तयार होतो, आणि दहाव्या पिंडाने त्याला भूक-तहान लागते. सगळे अवयव झाल्यावर शेवटी भूक! हे वाचताना दरवेळी गलबलून येतं. इतर ग्रंथांत अवयवांचा क्रम थोडा वेगळा सापडतो.

पिंड खरं तर रोज एक. आता बहुधा दहाही एकाच दिवशी उरकतात, भराभर मंत्र होतात आणि सगळ्यांचं लक्ष कावळ्याकडे. गुरुजींना आधीच सांगून ठेवावं की प्रत्येक पिंडाला अवयवाचं नाव मराठीत सांगा. वेळ फारसा वाढत नाही.

बाराव्याला सपिंडी. तेव्हा प्रेताच्या, म्हणजे अजून पितर न झालेल्या मृताच्या, पिंडाचे तीन भाग करून ते त्याच्या वडील, आजोबा, पणजोबांच्या पिंडांत मिसळतात. तिथून पुढे त्याला प्रेत म्हणायचं नाही, पितर म्हणायचं.