दोघांचा सिनेमा-परीक्षणाचा कार्यक्रम: पहिल्या भागाआधीची नोंद

रविवार, रात्री उशिरा

दोन मित्रांनी मिळून सिनेमावर बोलायचा कार्यक्रम काढायचा ठरवला की पहिली चर्चा माईकची होते. मला मात्र पहिला नियम वेगळाच हवा वाटतो: सिनेमा संपल्यापासून रेकॉर्डिंग सुरू होईपर्यंत त्या सिनेमाबद्दल एकमेकांशी अवाक्षरही काढायचं नाही. थिएटरच्या पायऱ्या उतरताना वाद घालून झाला की माईकसमोर उरते ती उजळणी, आणि ऐकणाऱ्याला ती पहिल्या दोन मिनिटांत कळते.

जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट यांनी १९७५ साली शिकागोत एकत्र कार्यक्रम सुरू केला तेव्हा ते दोन प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांचे समीक्षक होते. पुढे त्यांचा अंगठा वर की खाली हा कौल गाजला. पण मला मोलाचा वाटतो तो कौलाआधीचा खराखुरा मतभेद. मित्रांमध्ये तो आपोआप येत नाही, एकमेकांना सांभाळून घ्यायची सवय आड येते. म्हणून दोघांनी आपापला कौल आणि त्याची तीन कारणं रेकॉर्डिंगआधी वेगवेगळ्या कागदावर लिहावीत आणि कागद पालथे ठेवावेत. समोरच्याचं ऐकून साडेतीनचे अडीच तारे कधी होतात ते आपल्यालाही कळत नाही.

कारण लिहिताना ‘अभिनय छान’ चालणार नाही. कोणता प्रसंग, कोणता कट, कुठे पार्श्वसंगीत थांबलं, ते हवं. अंधारात वहीवर दोन-तीन शब्द खरडावेत आणि घरी आल्याआल्या ते उलगडून लिहावेत. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागत नाही. मोबाइलवर टिपणं नकोत, मागच्या रांगेतल्याच्या डोळ्यांत उजेड जातो.

पंचवीस मिनिटांच्या भागात कथेला दीड मिनिट पुरे, तेही सिनेमाच्या पहिल्या अर्ध्या तासापुरतं. एकाने कथा सांगायची, दुसऱ्याने पहिला मुद्दा मांडायचा, पुढच्या भागात अदलाबदल. शेवटाबद्दल बोलायचं तर ते सगळ्यात मागे, स्पष्ट इशारा देऊन, आणि तो भाग कितव्या मिनिटाला सुरू होतो ते खाली लिहून.

आता आवाज. साध्या खोलीत डायनॅमिक (कमी संवेदनशील) आणि कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज उचलणारे) माईक घ्यावेत. कंडेन्सर माईक जास्त संवेदनशील असतो, पंखा आणि भिंतींचा घुमारा सगळं उचलतो. प्रत्येकाला स्वतंत्र माईक, स्वतंत्र ट्रॅक, म्हणजे दोघांचं रेकॉर्डिंग वेगवेगळं. तोंडापासून माईक १५ सेंमीवर असेल तर दोन माईकमधलं अंतर निदान ४५ सेंमी, म्हणजे तिप्पट, हवं. नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकवर किंचित उशिरा आणि जोरात पोचतो, आणि दोन्ही ट्रॅक मिसळल्यावर तो डब्यातून आल्यासारखा पोकळ होतो. समोरासमोर बसणं उत्तम, कारण कार्डिऑइड माईकला मागच्या बाजूचं फार कमी ऐकू येतं.

रेकॉर्डिंगची पातळी साध्या बोलण्यावर लावली की हसताना आवाज शून्य डेसिबलला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या कमाल मर्यादेला, टेकून फाटतो. फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. म्हणून नेहमीच्या बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावीत आणि दोघांनी मुद्दाम मोठ्याने हसून तपासून घ्यावं. सुरुवातीला अर्धा मिनिट गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करावी, संपादनात कापलेल्या जागा तिने बुजतात.

व्हिडिओ मोबाइलवर असेल तर तो माईकच्या आवाजाशी जुळवायला सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवावी. बऱ्याच मोबाइलचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला टिपलेल्या चित्रांची संख्या, चित्रीकरणात बदलत राहतो, त्यामुळे सुरुवातीला जुळलेले ओठ आणि आवाज पुढे सरकतात. शेवटची टाळी किती सरकली ते दाखवते. ऑडिओ सेकंदाला ४८ हजार नमुन्यांवर, म्हणजे ४८ किलोहर्ट्‌झवरच घ्यावा.

एकमेकांच्या बोलण्यावर बोलणं होणारच. स्वतंत्र ट्रॅक असल्यामुळे एकाचा आवाज खाली घेता येतो, पण सगळीकडे तसं करू नये. तावातावाने आलेलं एखादं ‘अरे पण थांब ना’ ठेवलंच पाहिजे.

ट्रेलरमधलं गाणं वापरलं तर यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते आपोआप ओळखू शकते आणि व्हिडिओवर हक्क सांगितला जातो. त्यापेक्षा प्रसंगाचं शब्दांत वर्णन करावं, कार्यक्रमही त्याने चांगला होतो.

राहता राहिला पूर्ण एकमताचा सिनेमा. दोघांची कारणं वेगळी असतील तर बोलावं. कारणंही तीच निघाली तर भाग दहा मिनिटांत आटपावा आणि उरलेला वेळ दोघांची मतं फाटतील अशा जुन्या सिनेमाला द्यावा.