कुजत नाही, की सावकाश कुजतं?

शनिवार, रात्री साडेअकरा. ऐरोली.

तिवरांच्या चिखलावरचा लेख आज संपवायचाच, असं ठरवून बसले होते. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा अशी आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाला, तेव्हापासून सोसायटीतले लोक मला फ्लेमिंगोंबद्दल विचारतात. चिखलाबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून तर हा लेख.

माझ्या संशोधनाच्या पेपरमध्ये मी लिहिलं होतं, 'ऑक्सिजनविरहित गाळात सेंद्रिय पदार्थांचे विघटन मंदावते.' लेखात त्याचं केलं, 'चिखलात हवा शिरत नाही, म्हणून गळलेली पानं, मुळं कुजत नाहीत आणि त्यांच्यातला कार्बन तिथेच राहतो.' वाक्य छान उतरलं असं वाटलं. आई मेथी निवडत बसली होती, तिला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "कुजत नाहीत, तर मग खाडीला वास कसला येतो गं?"

मी गप्पच झाले. ओहोटीला पाइप रोवून चिखलाचा नमुना वर काढला की वरचा पातळ थर तपकिरी असतो, खाली सगळं काळंकुट्ट, आणि नाकात सडक्या अंड्यांचा वास जातो. इतकी वर्षं तो वास घेतेय मी. ते कुजणंच आहे. हवा नसली तरी समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, त्यावर जगणारे जिवाणू पालापाचोळा खातात आणि हायड्रोजन सल्फाइड हा त्याच वासाचा वायू सोडतात. पण हे काम धिमं. लाकडाचा चिवट भाग तर हवेशिवाय जवळजवळ हलतच नाही. म्हणून कार्बन शेकडो वर्षं साठून राहू शकतो.

म्हणजे पेपरातलं 'मंदावते' बरोबर होतं. सोपं करताना मी त्याचं 'कुजत नाहीत' केलं आणि वाक्य खोटं झालं. अवघड शब्द काढायचा होता, मी अर्थच काढून टाकला. याचं मला फार वाईट वाटलं. मागे एका ठिकाणी माझ्या लेखाच्या मथळ्यातून 'काही भागांत' हे शब्द परस्पर गाळले होते, तेव्हा मी दोन दिवस चिडले होते. आज तेच माझ्या हातून झालं.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गावी उकिरडा उलथला नाही की आत असंच काळं राहायचं. वर्षाने खणलं तरी काड्या तशाच."

मग वाक्य असं केलं: 'न उलथलेल्या उकिरड्यासारखं या चिखलात सगळं कुजतं, पण फार सावकाश, तो वास त्याचाच.' शब्द वाढले, वाढू देत. आईने दोनदा वाचलं आणि मान हलवली.

गेल्या महिन्यात शाळेत बोलले तेव्हाही मी मुलांना 'कुजत नाही' असंच सांगितलं होतं. सोमवारी बाईंना फोन करून ते दुरुस्त करायला हवं.