तांबड्या रश्श्याच्या गावात कोबीचा धंदा

कोल्हापुरात कच्च्या कोबीचं सॅलड डब्यातून विकायचं म्हटल्यावर पहिली टोचणी घरातूनच आली. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, गावात मटण मिळतंय की, पाला कोण खाणार?" त्यांचंही खरंच होतं. इथं कोबी लोकांना भेटतो तो भज्यात, नाहीतर चायनीजच्या गाड्यावर. पण पंगतीत कोबीची पचडी असतेच की. शेंगदाण्याचं कूट, हिंग-मोहरीची फोडणी आणि वर लिंबू. मी आणि जाऊबाईंनी तिथूनच धागा धरला. कुटाच्या जागी अख्खे भाजलेले काजू आले, डाळिंब आलं, बेदाणे आले. रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांपुढं डबे मांडले.

चवीबद्दल कुणाची कुरकुर नव्हती. सगळा प्रश्न पाण्याचा. मीठ लागलं की कोबी पाणी सोडायला लागतो. मग पानं लोळतात, काजू मऊ पडतात. म्हणून आमच्या डब्यात कोबीला मीठ लावलेलं नसतं. मीठ, लिंबू, तेल असं सगळं वेगळ्या पुडीत आणि काजू दुसऱ्या पुडीत. खायच्या वेळी ओतायचं, डबा हलवायचा. एका ऑफिसच्या कँटीनला पुड्यांचा व्याप नको होता, सगळं कालवूनच पाठवा म्हणाले. चांगली रोजची ऑर्डर होती. नाही म्हणालो. दुपारी एक वाजता ते सॅलड खाणाऱ्यानं नाव आमचंच घेतलं असतं.

गड्डा निवडायचं काम जाऊबाईंचं. मार्केट यार्डात दोन गड्डे दोन हातांत घेऊन तोलतात. आकार सारखा असला तर जड तो आपला. दाबल्यावर दबला नाही पाहिजे. थंडीतला कोबी घट्ट आणि गोडसर लागतो, उन्हाळ्यातला बऱ्याचदा पोकळ आणि उग्र. चिरायला सुरी धारदारच हवी. बोथट सुरीनं पान चिरडतं, त्यातली गंधकाची द्रव्यं मोकळी होतात आणि नाकाला नको तो वास येतो. चिरलेला कोबी थोडा वेळ बर्फाच्या पाण्यात ठेवला की पानं पाणी पिऊन ताठ होतात. पण वरचं पाणी मात्र पूर्ण जायला हवं. त्यासाठी आम्ही वॉशिंग मशीनचा नवा कोरा ड्रायर घेतलाय. पांढऱ्या मलमलीच्या पिशवीत कोबी घालून फिरवायचा. बघायला येणारे हसतात. त्यात कपडा कधी पडलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

पुडीतलं मिश्रण ही आमची खरी कोल्हापुरी गोष्ट. मध नाही, साखर नाही, गुऱ्हाळावरची काकवी. तिच्यात लिंबाचा रस, घाण्याचं शेंगतेल, सैंधव आणि फेसलेली मोहरी. मोहरीमुळं तेल आणि रस लवकर फुटत नाहीत, शिवाय नाकात झणका जातो. त्याशिवाय इथल्या माणसाला जेवल्यासारखं वाटत नाही. मेयोनीज मागणारेही येतात. त्यांना दुसरीकडं भरपूर मिळतं.

काजू चंदगड-आजऱ्याकडचा, बेदाणा तासगावचा. सफरचंद चिरल्या चिरल्या लिंबात घोळवतो, म्हणजे काळं पडत नाही. डाळिंबाचे दाणे सगळ्यांत गुणी, अख्खे राहिले की गळत नाहीत. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी दिसायला देखणी, पण फोड केली की पाणी सोडते, म्हणून ती बाद. आमच्या गल्लीतल्या तालमीचे वस्ताद अजून कोबी बाजूला सारून काजू-बेदाणे वेचतात. पण डबा रोज घेतात.

डबा दिवाळीनंतर सुरू होतो आणि महाशिवरात्रीच्या आसपास बंद. बारमाही करा, असा सल्ला बरेच देतात. पण सैल गड्ड्याचा डबा त्याच भावात द्यायला आमचं मन होत नाही. बाकीचे महिने भाजलेले मसाला काजू आणि काकवी-मोहरीच्या बाटल्या यांच्यावर भाडं आणि दोन बायकांचा पगार निघतो. फार शिल्लक मागं पडत नाही आणि कर्जही नाही.

या हिवाळ्यात जांभळा कोबी आणलाय. लिंबू पडलं की तो गुलाबी होतो, पोरं तेवढ्यासाठी डबा मागतात. जाऊबाईंच्या मते तो जरा चिवट आहे, आणखी बारीक चिरायला हवा. त्यामुळं सध्या तो फक्त रविवारी मिळेल, तोही आदल्या संध्याकाळपर्यंत सांगितलं तरच.