भोंगा बंद झाल्यावर

फलकावरचं वाक्य असं होतं : 'अलार्म बंद झाल्यावर ताबडतोब बाहेर पडा.' ऱ्हस्व-दीर्घ बरोबर, जोडाक्षरं नीट. ते तपासून मीच पाठवलं होतं.

मी नाशिकला शालिमारजवळ मुद्रितशोधन करते. हल्ली येतं ते बहुतेक मशीनने केलेलं भाषांतर. 'मॅडम, फक्त शुद्धलेखन बघा,' म्हणायचं आणि दर निम्मा करायचा. मूळ इंग्रजी सोबत पाठवायची पद्धतच गेली. मी ते मागायला हवं होतं, मागितलं नाही.

काम होतं दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षांच्या पॅकहाउसचं. तिथलं शीतगृह अमोनियावर चालतं. हंगामात पेठ-सुरगाण्याकडच्या बायका घडांची छाटणी करतात, पनेट म्हणजे द्राक्षांचे छोटे डबे भरतात. बऱ्याच जणींना वाचता येत नाही, म्हणून फलक लावला त्या दिवशी तो वाचून दाखवायला मला बोलावलं होतं.

दुसरं वाक्य वाचलं आणि मागच्या रांगेतल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, भोंगा बंद झाल्यावर पळायचं, मंग वाजत असताना आतच बसायचं का?"

मी इंग्रजी प्रत मागवली. 'व्हेन द अलार्म गोज ऑफ'. म्हणजे वाजू लागला की. अमोनियाचा वास उग्र असतो खरा, पण रोज थोडाथोडा येत राहिला की नाक सरावतं. म्हणून वायूची गळती कळायला तिथे भोंग्यावरच भिस्त, आणि माझ्या मराठीत तो वाजत असेपर्यंत थांबायचं होतं.

इंग्रजीत दिवा 'गोज ऑफ' म्हणजे विझतो, बंदूक 'गोज ऑफ' म्हणजे बार उडतो, दूध 'गोज ऑफ' म्हणजे नासतं. 'ऑफ' आणि 'ऑव्ह' हे मुळात एकाच शब्दाचे दोन फाटे, 'पासून दूर' हा जुना अर्थ. आपणही दुकान वाढवलं म्हणतो तेव्हा ते बंद झालेलं असतं, पाऊस उघडला म्हणतो तेव्हा थांबलेला असतो. मराठी माणूस तिथे अडखळत नाही. मशीन 'ऑफ'ला अडखळलं. मला अर्थ ठाऊक होता, पण मी वेलांट्या बघत होते.

मग सगळा फलक इंग्रजीशी ताडून पाहिला. पाच ठिकाणी 'ऑफ' होता, दोन ठिकाणी घात. दुसरा घात जास्त वाईट निघाला. 'कीप ऑफ द पाइप्स', म्हणजे पाइपांवर चढू नका, त्यांना टेकू नका. मराठीत छापलं होतं 'पाइप बंद ठेवा'. कॉम्प्रेसर चालवणारे काका ते वाचून अक्षरशः थरथरले. द्रव अमोनिया दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये कोंडला आणि गरम होत गेला, तर फुगायला जागाच उरत नाही, पाइप फाटतो. "हे वाचून कोणी व्हॉल्व्ह फिरवला असता तर?" त्यांनी विचारलं. माझ्यापाशी उत्तर नव्हतं. त्या आवारात व्हॉल्व्हची भाषा नीट येणारा तो एकच माणूस, आणि फलक छापण्याआधी त्यांना तो कोणी दाखवला नव्हता.

व्यवस्थापक म्हणाले, पुढच्या हंगामाला नवा छापू. मी हलले नाही. दोन्ही ओळींवर पांढरी पट्टी चिकटवली, मार्करने लिहिलं, 'भोंगा वाजला की लगेच बाहेर', 'पाइपला हात लावू नका', आणि मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "आन् कोणत्या दारानं?" ते मूळ इंग्रजीतही नव्हतं. तेही लिहिलं.

घरी आल्यापासून जुन्या फायली उघडून बसले आहे. अशाच सुरक्षाफलकांची कामं शोधते आणि एकेका ठिकाणी फोन करते. सातपूरच्या एका कारखान्यातून उत्तर आलं, "मॅडम, वर्ष झालं लावून, वाचतं कोण?" तिथे उद्या सकाळी पहिल्या शिफ्टला स्वतः जाते आहे.