तुम्ही विचारलंत म्हणून: हुकूमशाही शेवटी हरतेच का?

25 जून, म्हणजे 1975 ची आणीबाणी लागू झाली तो दिवस, जवळ आला की ठाण्यात मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर कुणी ना कुणी गाठतंच. ‘तुमचे वडील आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवणाऱ्या कायद्याखाली, आत होते ना? मग सांगा, हुकूमशाही शेवटी हरतेच की नाही?’ उत्तर ‘हो’च हवं असतं. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

1977 ला इंदिराबाई हरल्या, खरंय. पण निवडणूक त्यांनीच जाहीर केली होती, 18 जानेवारीला. लोकसभेची मुदत तोवर दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा कोण अडवणार होतं? अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 1976 मध्येच सांगून टाकलं होतं. पाचांत एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले, पुढे त्यांना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले. ती निवडणूक बाईंनी का घेतली यावर अजून वाद चालतात. याला अटळ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आमच्या नौपाड्याच्या चाळीत बरेच जण खूश होते. लोकल वेळेवर येतात म्हणे! 1976 च्या पावसाळ्यात आजीला अर्धांगाचा झटका आला. बाबा तिचे एकुलते. पॅरोलसाठी आई हेलपाटे घालून थकली, तेव्हा कुणीतरी सुचवलं, हमीपत्र द्या: बाईंच्या वीस कलमी कार्यक्रमाला पाठिंबा आहे, सरकारविरोधी काही करणार नाही. आईने ते टाइप करून घेतलं आणि आम्ही दोघी कसारा घाट ओलांडून तुरुंगात बाबांच्या मुलाखतीला गेलो. मध्ये जाळी, शेजारी शिपाई. बाबांनी कागद वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. मग घडीवर घडी घालत बसले, कागद काडेपेटीएवढा होईस्तोवर.

‘आईला सांग, येतो लवकर.’

‘कुठल्या तोंडाने सांगू?’ आई म्हणाली.

मी म्हणाले, ‘बाबा, करा ना सही.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. परतीच्या गाडीत आई ठाणं येईपर्यंत अवाक्षर बोलली नाही. पॅरोलचा हुकूम आला तो आजीच्या तेराव्यानंतर.

स्वातंत्र्य जिंकलं म्हणता, तेव्हा हे कुठल्या खात्यात धरता? बाबांचा मला अभिमान नाही, असा अर्थ कृपा करून काढू नका. पण चाळीतल्याच एका काकांनी सही केली होती, त्यांची आई मुलाच्या मांडीवर गेली. त्यांना भेकड म्हणणं आमच्या घरात कुणाला जमलं नाही, आईला तर मुळीच नाही.

1989 च्या नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली तेव्हा टीव्हीसमोर मी नाचायचीच बाकी होते. ‘बघा बाबा, झालं की नाही!’ ते म्हणाले, ‘आणि जूनमध्ये बीजिंगला काय झालं?’ तिथे लष्कराने आंदोलकांवर गोळ्या झाडल्या होत्या. मला भयंकर राग आला होता. तेव्हाच्या माझ्यातल्या त्या पोरीशी मी अजून भांडते. ती म्हणते, पोर्तुगालची राजवट 1974 मध्ये कोसळलीच ना? मी म्हणते, आफ्रिकेतल्या लढायांना विटलेले लष्करी अधिकारीच उलटले म्हणून. शेजारच्या स्पेनचा हुकूमशहा फ्रँको सत्तेवर असतानाच अंथरुणात मेला. म्यानमारमध्ये लोकांनी 1990 ला निवडणूक जिंकली, सत्ता मिळाली नाही. 2015 ला पुन्हा जिंकली, 2021 ला पुन्हा लष्कर. ‘पण लोक पुन्हा उभे राहिलेच ना?’ राहिले. इथे मी गप्प होते.

आणि 1980? त्याच बाई 353 जागा घेऊन परत आल्या, मोकळ्या मतदानाने. त्या वर्षी स्वातंत्र्य जिंकलं, असं बाबा म्हणायचे. आई म्हणायची, हरलं. शेवटपर्यंत दोघांचं जुळलं नाही. मी कधी यांच्या बाजूने भांडते, कधी तिच्या.